पीपीटी कशात करावी? पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स आणि इम्प्रेस

परभणीच्या कृषी विद्यापीठात सेमिनार द्यायचा असो की गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा, सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: पीपीटी दाखवायची कुणाच्या कॉम्प्युटरवर? अ‍ॅनिमेशन किती, टेम्प्लेट किती, याची चर्चा लोक फार करतात. आपल्याकडच्या हॉलात आधी फाँट दगा देतो, मग नेट. अ‍ॅनिमेशनचा नंबर फार नंतर लागतो.

पॉवरपॉइंट यातला सगळ्यात जुना. 1987 मध्ये तो फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने काढला, तोही विंडोजसाठी नाही, अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसाठी. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ही त्यामागची माणसं. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीट छापून काढणं, तेही काळ्या-पांढऱ्यात, एवढंच त्याचं काम होतं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. 1990 मध्ये तो विंडोजवर आला आणि 1992 च्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरवरून थेट पडद्यावर दाखवायची सोय झाली.

त्याची खरी ताकद आजही हीच, की तो सगळीकडे सापडतो. कॉलेज असो, पंचायत समिती असो, कुठली ना कुठली आवृत्ती असतेच. व्हिडिओ फाइलच्या आतच बसतो, त्यामुळे पेनड्राइव्हवर एकच फाइल नेली की झालं. प्रेझेंटर व्ह्यूमध्ये तुमची टिपणं फक्त तुम्हाला दिसतात, पडद्यावर नुसती स्लाइड. अडचण पैशाची. दरवर्षी वर्गणी भरा, नाहीतर एकदाच मोठी रक्कम मोजा. दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो ती क्रॅक कॉपी असते, आणि तिच्याबरोबर व्हायरसही फुकट येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं तर ब्राउझरमध्ये चालणारा पॉवरपॉइंट मोफत मिळतो. सोयी कमी आहेत, पण साध्या सेमिनारला तेवढं पुरतं.

गूगल स्लाइड्सचा जोर दुसरीकडे आहे. 2007 मध्ये गूगल डॉक्समध्ये प्रेझेंटेशनची सोय आली, 2012 मध्ये तिला स्लाइड्स हे नाव मिळालं. चौघांनी मिळून प्रोजेक्ट करायचा असेल, एक जण नांदेडात, एक जालन्यात, तर याला तोड नाही. सगळे एकाच फाइलवर काम करतात, कुणी काय बदललं ते दिसतं, कुणी भलतंच पुसलं तर जुनी प्रत परत आणता येते. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘सरांनी बघितलेली फायनल’ अशा फायली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाहीत.

पण नेट गेलं की पंचाईत. क्रोममध्ये ऑफलाइनची सोय आहे, मात्र ती घरून निघण्याआधी चालू करावी लागते, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तिचा काही उपयोग नाही. व्हिडिओ तर यूट्यूबवरून किंवा ड्राइव्हवरूनच चालतो. समजा, मंदिराच्या सभामंडपात गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ दाखवायचाय आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला एकच दांडी आहे. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि मागच्या रांगेतली मंडळी चहाकडे निघतात. अशा ठिकाणी पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेसच न्यावा.

इम्प्रेस हा लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातला, पॉवरपॉइंटसारखाच. मूळ स्टारऑफिस, ते 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं, त्यातून ओपनऑफिस झालं आणि 2010 मध्ये त्यातून फुटून लिबरऑफिस निघालं. पूर्ण मोफत, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, एकदा टाकलं की नेट लागत नाही. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबसाठी मी तरी हेच सुचवीन. दिसायला जरा जुनाट आहे. त्यात केलेली फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडली की मांडणी थोडी हलते, टेबल आणि अ‍ॅनिमेशन जास्तच. स्वतःच्या लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

आता फाँट. मराठीचा सगळा घोळ इथेच होतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. हॉलच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की ‘मराठवाडा’च्या जागी ई, जे, के, बी, ओ, के, एम, के अशी अक्षरांची रांग उभी राहते. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असतो त्या पद्धतीत, टाइप केलं असेल तर फाँट नसतानाही मजकूर वाचता येतो, फार तर ओळी इकडच्या तिकडे होतात. गूगल स्लाइड्समध्ये मुक्त, बलू असे देखणे युनिकोड फाँट आयते मिळतात, पण फाइल पॉवरपॉइंटच्या स्वरूपात उतरवली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाँट तसाच दिसेल याची खात्री नाही. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये ऑप्शन्समधल्या सेव्हखाली फाँट फाइलमध्येच बसवायची खूण आहे, इम्प्रेसमध्ये ती फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये. ही खूण करा आणि शेजारी एक पीडीएफही ठेवा. पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन जातं, अक्षर मात्र हलत नाही.

कॅनव्हा मोबाइलवर पटकन देखणं काम करून देतं. 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाला छान, आकडे आणि आलेखांनी भरलेल्या व्हायव्याला नको. प्रेझीची झूम होणारी मांडणी एकदा बघायला मजा येते, दहाव्या मिनिटाला डोकं गरगरतं. अ‍ॅपलचं कीनोट सुंदर आहे, पण मॅक किंवा आयफोन असेल त्यानेच त्याचा विचार करावा.

माझं मत विचाराल तर एकट्याचं काम आणि हॉलचा कॉम्प्युटर असेल तर पॉवरपॉइंट, स्वतःचा लॅपटॉप आणि खिसा रिकामा असेल तर इम्प्रेस. गटाचं काम असेल तर स्लाइड्समध्ये करा, आदल्या रात्री पॉवरपॉइंटमध्ये उतरवून एकदा पूर्ण चालवून बघा.

काहीही निवडलंत तरी पडद्याचा आकार आधी विचारा. 2013 पासून पॉवरपॉइंटची नवी स्लाइड 16:9, म्हणजे रुंद येते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच हॉलात अजून 4:3 चा जुना प्रोजेक्टर आहे. त्यावर वर-खाली काळे पट्टे येतात, अक्षरं बारीक होतात आणि मागे बसलेल्याला अनुस्वारही दिसत नाही. स्लाइड साइझ पहिल्याच दिवशी बदला. शेवटी बदललीत तर प्रत्येक फोटो, प्रत्येक टेबल नव्याने मांडत बसावं लागतं.