चितळ-रोह्यांच्या शेजाऱ्यांसाठी नर्सरी: मोहर्ली रोड

ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, आमच्या गावात परसबाग लावायची म्हणजे आधी चितळ आणि रोह्यांचा (नीलगायींचा) विचार करावा लागतो. मोहर्ली रोडवरच्या या नर्सरीतले काका रोप दाखवण्याआधी विचारतात, "जंगल कोणत्या बाजूनं आहे? पाणी कुठं आहे?" मला इथंच विश्वास वाटला.

जंगलाच्या बाजूला त्यांनी करवंद आणि सागरगोटा सुचवला, त्याच्या आत अडुळसा नि निरगुडी. अडुळशाचं पान चुरगळून नाकाशी धरलं, तो उग्र, कडवट वास बोटांवरून लवकर जात नाही. बकऱ्याही त्याला तोंड लावत नाहीत. आतल्या वाफ्यांत हळद, आलं, लसूण, गवती चहा, पुदिना. जास्वंद, गुलाब आणि पालेभाजी मात्र घराच्या भिंतीलगत, जाळीच्या आत, कारण कोवळा पाला हरणं सोडत नाहीत. पिवळी कण्हेर मागितली तर काकांनी घरात लहान मुलं आहेत का ते विचारलं आणि विषारी म्हणून दिलीच नाही. असा दुकानदार विरळाच!

ते हमी देत नाहीत, हेही मला आवडलं. उन्हाळ्यात जंगल सुकलं की भुकेलं जनावर काहीही खातं, आणि कमी उंचीचं कुंपण चितळ सहज ओलांडतं, हे ते आधीच सांगतात.

तक्रार एकच: पिशव्यांवर नावं नसतात, नवख्या माणसाला करवंद नि लिंबाची रोपं वेगळी ओळखता येत नाहीत. करवंद पावसाळा लागताच लावा, म्हणजे मुळं धरतात.