डॉक्टरांची हौशी शेती: कोंबड्या की दुभत्या शेळ्या?

रुग्णालयातील पाळ्या सांभाळून लहानशी शेती करू पाहणाऱ्या एका सहकारी डॉक्टरांनी कोंबड्या पाळाव्यात की दुभत्या शेळ्या, असे विचारले. खरा प्रश्न वेळेचा आहे. शेळीची धार साधारण दर 12 तासांनी काढावी लागते; शस्त्रक्रिया लांबली म्हणून ती चुकली, तर कास तटतटते आणि कासदाहाची (कासेला सूज येण्याची) भीती राहते. कोंबडीचे तसे नाही. दिवसाला सुमारे 110 ते 120 ग्रॅम खाद्य तिला पुरते, आणि सकाळी खाद्य-पाणी भरून ठेवले की अंडी रात्री उशिरा गोळा केली तरी बिघडत नाही. मात्र अंधार पडताच खुराड्याचे दार लावायला कोणीतरी हवेच.

खर्चात शेळ्या जड जातात, कारण एकटी शेळी ओरडून जीव नकोसा करते, म्हणून निदान दोन घ्याव्या लागतात, शिवाय भक्कम कुंपणही लागते.

रोगांबाबत दोन्हीकडे सावधगिरी हवी: कोंबड्यांकडून साल्मोनेला, तर शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेला हा रोगजंतू येऊ शकतो. व्यायलेल्या शेळीची वार (पिलामागून बाहेर पडणारा जार) उघड्या हातांनी उचलू नये, हे डॉक्टरांनाही सांगावे लागते!

रात्रपाळ्या असणाऱ्यांना कोंबड्याच झेपतील. ज्यांच्या तपासणीच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि घरात धार काढणारे दुसरे कोणी आहे, त्यांनी शेळ्या घ्याव्यात.