न्यूरोसायन्समध्ये पोस्टडॉक: पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) ग्रँटवर, स्वतःच्या फेलोशिपवर की संस्थेच्या नोकरीत?

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाच्या, दोन-तीन संधी समोर आल्या की बहुतेक जण आधी विद्यापीठाचं नाव बघतात, मग पगार, मग शहर. न्यूरोसायन्समध्ये हा क्रम बदलायला हवा, असं मी ठामपणे सांगेन. इथे पहिला प्रश्न असा: या जागेचे पैसे किती काळ पुरणार आहेत आणि तुम्हाला करायचा तो प्रयोग किती काळ घेणार आहे?

उंदराच्या मेंदूत टू-फोटॉन मायक्रोस्कोपने कॅल्शियम इमेजिंग, म्हणजे न्यूरॉन सक्रिय झाले की चमकतात त्याचं चित्रण, करायचं आहे, असं धरा. नव्या लॅबमध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या परवान्यावर तुमचं नाव चढेपर्यंतच बरेच आठवडे जातात. मग शस्त्रक्रिया येते. कवटीचा छोटा गोल काढून तिथे काच बसवायची आणि विषाणूमार्फत सक्रिय पेशी चमकवणाऱ्या जीकॅम्प प्रथिनाचं जनुक पेशींमध्ये पोचवायचं. ते प्रथिन पुरेसं तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. उंदीर बरा झाला की डोकं स्थिर ठेवून बसायची सवय लावायची आणि त्यानंतर टास्कचं, म्हणजे प्रयोगात करायच्या ठरावीक कृतीचं, प्रशिक्षण सुरू करायचं. काही उंदीर टास्क शिकतच नाहीत. काहींची काच ऐन वेळी धूसर होते, मग नव्या उंदरापासून पुन्हा सुरुवात. यात मायक्रोस्कोपच्या लेझरची दुरुस्ती धरलेली नाही. वापरण्याजोगा पहिला डेटा हाती येईपर्यंत वर्ष सहज उलटतं आणि नेमकं तेव्हाच एक वर्षाचा करार संपतो.

गणनात्मक (संगणकावरचं) काम करणाऱ्याचं घड्याळ वेगळं चालतं. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातल्या) नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले सुमारे १,३९,००० न्यूरॉन आणि त्यांच्या जोडण्या कोणालाही तपासता येतात. अशा डेटावर मॉडेल बसवणाऱ्याचं काम पहिल्या आठवड्यात सुरू होऊ शकतं. त्यामुळे तीच एक वर्षाची जागा एकासाठी धोक्याची असते आणि दुसऱ्यासाठी पुरेशी. पुढची सगळी तुलना हे डोक्यात ठेवून वाचा.

पीआयच्या ग्रँटवरची जागा

जाहिराती दिसतात त्या बहुतेक याच प्रकारच्या. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचं न्यूरोजॉब्ज, युरोपातल्या फेन्स या मेंदूविज्ञान संघटनांच्या महासंघाचं जॉब मार्केट, नेचर करिअर्स, युरोपीय संघाचं युरॅक्सेस या संकेतस्थळांवर त्या नियमित येतात. फायदा उघड आहे. पैसे मंजूर झालेले असतात, उपकरण उभं असतं, प्रश्न ठरलेला असतो आणि व्हिसा मिळाला की काम सुरू होतं. पीएचडीत पॅच-क्लॅम्प (एकेका न्यूरॉनचा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत) केलेल्या माणसाला न्यूरोपिक्सेल (मेंदूत घालायचा अनेक चॅनेलचा बारीक प्रोब) शिकायचं असेल, तर ते आधीच रोज वापरणारी लॅब म्हणजे वाचलेलं वर्ष. एका प्रोबवरून एकाच वेळी ३८४ चॅनेलची नोंद कशी घ्यायची आणि त्यातून एकेका न्यूरॉनचे स्पाइक (विद्युत ठोके) कसे वेगळे काढायचे, हे पेपर वाचून येत नाही. शेजारी बसणारं कोणीतरी लागतं.

तोटाही तिथेच आहे. ग्रँटमध्ये जे काम लिहिलंय तेच तुम्हाला करायचं असतं. करार अनेकदा वर्षा-वर्षाने वाढवला जातो आणि त्याचं वाढणं पीआयच्या मर्जीपेक्षा ग्रँटच्या तारखेवर अवलंबून असतं. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: 'ही ग्रँट कधी संपते? त्यानंतरच्या पैशाची काय सोय आहे?' चांगला पीआय याचं उत्तर महिन्यासकट देतो. उत्तर गुळमुळीत आलं, तर जागा कितीही नावाजलेल्या लॅबमधली असो, मी तरी दोनदा विचार करायला सांगेन.

जाहिरात वाचताना 'आवश्यक' आणि 'इष्ट' हे दोन शब्द नीट बघा. इष्ट गोष्टींपैकी निम्म्याच तुमच्याकडे असल्या तरी अर्ज करा. आवश्यक कौशल्यांची यादी मात्र विलक्षण अरुंद असेल आणि मुदत जेमतेम आठवड्याभराची असेल, तर बऱ्याचदा माणूस आधीच ठरलेला असतो आणि जाहिरात नियमापुरती असते. अशा अर्जावर रात्री जागवू नका.

स्वतःची फेलोशिप

इथे प्रोजेक्ट तुमचा आणि नाव तुमचं. पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना या नावाला वजन असतं. पण प्रत्येक फेलोशिपची दारं वेगळी आहेत आणि ती वेळेत बंद होतात.

एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेची फेलोशिप दोन वर्षांपर्यंत मिळते आणि अर्ज वर्षभर स्वीकारले जातात, पण त्यासाठी पीएचडी ताजी असावी लागते आणि देश बदलावा लागतो. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची फेलोशिप तीन वर्षांची आहे, म्हणजे उंदरांवरच्या प्रयोगाला खरोखर पुरेल इतकी. तिथे नवा देश तर हवाच, शिवाय पीएचडीच्या विषयापासून ठळक वळणही हवं. माशांच्या पोहण्यावर पीएचडी करून माशांच्याच पोहण्यावरचा पुढचा प्रश्न मांडला, तर तो कितीही सुंदर असो, तिथे टिकत नाही. भौतिकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकीतून मेंदूकडे येणाऱ्यांसाठी त्यांची वेगळी शाखा आहे. मेंदूविज्ञानात असे लोक खूप येतात आणि ही वाट त्यांच्या लक्षातच येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये एक नियम घात करतो. अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले वा काम केलेले नसावेत. 'आधी जाऊन कामाला लागतो, फेलोशिपचं मग बघू' असं म्हणणारा माणूस दीड वर्षाने अपात्र ठरलेला असतो. त्या देशात जाण्याआधीच कॅलेंडर मांडून बसा. अमेरिकेत एनआयएचची (सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची) एफ३२ ही फेलोशिप नागरिक आणि कायम रहिवाशांपुरती आहे. के९९/आर०० (पोस्टडॉकपासून स्वतःच्या लॅबपर्यंत नेणारी ग्रँट) मात्र परदेशी पोस्टडॉकलाही मागता येते. तिला पोस्टडॉक अनुभवाच्या वर्षांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे तिचा विचार पोहोचल्यावर दुसऱ्या वर्षातच सुरू व्हायला हवा.

अर्ज आणि निकाल यांत अर्धं वर्ष किंवा जास्त जातं आणि निवड होणारे थोडेच असतात. फेलोशिप म्हणजे प्रत्येक ठिकाणी नोकरी नव्हे, हेही लक्षात घ्या. काही संस्थांत पोस्टडॉक फेलोशिपवर गेला की तो कर्मचारी राहत नाही आणि निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बाळंतपणाची रजा यांचे नियम बदलतात. कुटुंब असेल तर हा प्रश्न पगाराच्या आकड्याआधी विचारा.

संस्थेतली वैज्ञानिकाची नोकरी

सिॲटलचं ॲलन इन्स्टिट्यूट फॉर ब्रेन सायन्स २००३ मध्ये सुरू झालं, व्हर्जिनियातलं जनेलिया संशोधन केंद्र २००६ मध्ये. अशा ठिकाणी मोठ्या चमूत काम करणारे वैज्ञानिक, इंजिनिअर, डेटा सांभाळणारे यांना खरा मान आहे. उपकरणं उत्तम, शिकवण्याचा बोजा नाही, करार बहुधा पोस्टडॉकपेक्षा स्थिर. ज्याला कोड लिहिण्यात, मायक्रोस्कोप जुळवण्यात, हजारो नोंदी एका साच्यात आणण्यात आनंद आहे, त्याने 'पोस्टडॉक झालाच पाहिजे' या दडपणाखाली ही वाट सोडू नये. पण स्वतःची लॅब काढायची असेल तर पन्नास नावांच्या पेपरमधलं तुमचं योगदान वेगळं दाखवणं अवघड जातं. कंपन्यांचंही थोडंफार असंच: पगार बरा, काम वेगवान, पण पेपर थांबले की विद्यापीठात परतायची वाट अरुंद होत जाते.

मग अर्ज कुठून सुरू करायचा?

तिन्ही वाटांची सुरुवात माझ्या मते एकाच ठिकाणी होते: हव्या त्या लॅबला थेट मेल, तीही काम सुरू करायच्या साधारण वर्षभर आधी. फेलोशिपला यजमान लॅब लागतेच आणि ग्रँटवरच्या पुष्कळ जागा जाहिरात निघण्याआधी बोलण्यातूनच भरतात. 'आपल्या संशोधनाने मी प्रभावित झालो' हे वाक्य पीआय रोज वाचतात. त्याऐवजी असं काही लिहा: 'तुमच्या प्रीप्रिंटच्या तिसऱ्या आकृतीत उंदीर चुकतो तेव्हाही प्रतिसाद टिकून राहतो. तो पंजाच्या हालचालीमुळे तर नसेल? माझ्याकडे व्हिडिओतून हालचाल मोजायचा कोड आहे, तो यावर चालवून बघता येईल.' तीन वाक्यांत वाचन, शंका आणि कौशल्य तिन्ही दिसतं. सोबत सीव्ही आणि कोडचा दुवा द्या, एवढं पुरे. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा.

परिषदेला जाणार असाल तर ही मेल आधी पाठवा. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सच्या वार्षिक सभेला हजारोंची गर्दी असते, तिथे वेळ ठरवल्याशिवाय भेट होत नाही. गणनात्मक आणि सिस्टिम्सवाल्यांना (न्यूरॉनच्या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना) कोसाइन ही परिषद सोयीची, कारण तिथली गर्दी आटोपशीर असते आणि पोस्टरसमोर पीआय स्वतः उभे राहून बोलतात.

प्रायोगिक काम करणाऱ्याला माझा सल्ला असा: निदान दोन वर्षांचे पैसे हातात असलेली ग्रँटवरची जागा घ्या आणि तिथूनच पहिल्या वर्षात फेलोशिपचा अर्ज करा, मात्र देशबदलाचे नियम आधीच तपासून. गणनात्मक माणसाने फेलोशिप आधी मागायला हरकत नाही. प्रोजेक्ट त्याच्या लॅपटॉपवर असतो, उशीर झाला तरी काम थांबत नाही.

होकार देण्याआधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोन पोस्टडॉकशी बोला. सध्याचे लोक मोकळं बोलतीलच असं नाही. पहिला पेपर यायला किती काळ लागला आणि निघताना प्रोजेक्टचा कुठला भाग सोबत नेऊ दिला, हे त्यांना विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं पीआयचं उत्तर रुजू होण्याआधी मेलवर लेखी घ्या. चार वर्षांनी तुम्ही स्वतःची लॅब काढायला निघाल, तेव्हा पहिली ग्रँट त्याच भागावर लिहायची असते.