ग्रँड सेंट्रल ऑयस्टर बार: कालवं एक नंबर, पण छताचं काय करायचं?

गेल्या आठवड्यात एका जुन्या बँकेच्या इमारतीत थाटलेल्या रेस्टॉरंटात (नाव घेत नाही) बिलावरून आमचं चांगलंच वाजलं. वीस टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला, वर टिपची ओळ रिकामी सोडून पेन पुढ्यात. विचारलं तर म्हणे, तो चार्ज वेगळा आणि ही टिप वेगळी. संगमरवरी खांब झाले, पितळी जाळ्या झाल्या, तिजोरीच्या खोलीत वाइनच्या बाटल्या झाल्या, पण पानात पडलं काय, तर चार घास. परतताना बायको म्हणाली, "यापेक्षा आपला स्टेशनातला बरा." खरंय. तिथे इतके महिने खातोय, लिहायचं मात्र राहूनच गेलं होतं.

स्टेशनातला म्हणजे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलच्या तळघरातला ऑयस्टर बार. माझी घरी जायची गाडी तिथूनच सुटते. टर्मिनल आणि हा बार दोन्ही 1913 चे. मेनू, वेळा, फोटो सगळं नेटवर आहे, ते इथे उगाळत नाही. मी छताबद्दल बोलणार आहे.

आत शिरलात की वर मातकट-पांढऱ्या फरशांच्या कमानी दिसतात आणि कमानींच्या कडेने दिव्यांच्या माळा. हे ग्वास्ताविनो पद्धतीचं काम. रफाएल ग्वास्ताविनो 1881 मध्ये स्पेनमधून इथे आला. पातळ फरशा, झटपट घट्ट होणारा चुना-सिमेंट, थरावर थर, खाली लाकडी आधार जवळजवळ नाहीच. 1908 मध्ये तो गेला, इथलं काम मुलाच्या काळातलं. दिसायला अप्रतिम. पण फरशी भाजलेली, गुळगुळीत आणि कमान वाकलेली. म्हणजे काय होतं? चमचा पडला तरी खणखणतो. दुपारी साडेबाराला गेलात तर पलीकडच्या टेबलावरचा घटस्फोट तुम्हाला तपशीलवार कळतो आणि समोर बसलेल्या माणसाला मीठ मागायला ओरडावं लागतं. यात हॉटेलवाल्यांचा काही दोष नाही, छताचा स्वभावच तो.

मला हे एरवी खटकलं नसतं. पण उन्हाळ्यात बाबा रत्नागिरीहून आले होते आणि त्यांना श्रवणयंत्र आहे. यंत्राला गोंगाट आणि बोलणं यातला फरक फारसा कळत नाही. पाच मिनिटांत त्यांनी यंत्र काढून रुमालात गुंडाळलं, खिशात टाकलं आणि "आता तुम्ही बोला, मी जेवतो" म्हणून मोकळे झाले.

बाहेर पडल्यावर दारासमोरच प्रसिद्ध व्हिस्परिंग गॅलरी आहे. तीच फरशी, तीच कमान. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजायचं, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्याला स्पष्ट ऐकू जातं. बाबांना यंत्र लावून कोपऱ्यात उभं केलं. मी कुजबुजलो, काही नाही. जरा मोठ्याने, तरी नाही. शेवटी "बाबा!" अशी हाक मारली तेव्हा चार अनोळखी माणसं वळली, बाबा मात्र पाटीचा फोटो काढत होते.

यावर मी थोडं वाचून काढलं आणि जास्तच चिडलो. त्याच सुमारास धाकटा ग्वास्ताविनो हार्वर्डच्या वॉलेस सेबिन या ध्वनितज्ज्ञाबरोबर आवाज शोषून घेणारी फरशी बनवत होता! ती बसवली कुठे, तर इथून थोड्याच अंतरावर फिफ्थ अव्हेन्यूवरच्या सेंट थॉमस चर्चमध्ये. जिथे माणसं मुळात गप्प बसतात तिथे. असो.

अर्थात छत शिल्लक आहे हेच खूप. रेल्वे कंपनीला या टर्मिनलच्या डोक्यावर पंचावन्न मजली टॉवर बांधायचा होता. शहराने अडवलं, जॅकलीन केनेडी ओनॅसिससारखी माणसं मध्ये पडली आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. बारही मधल्या काळात डबघाईला आला होता, तो 1974 मध्ये जेरोम ब्रोडी यांनी हातात घेऊन उभा केला. 1997 मध्ये आग लागून फरशांचं नुकसान झालं, त्या पुन्हा बसवल्या. आवाजासकट, हे माझं मत.

आता खाण्याकडे. आणि इथे आवाजाबद्दलचं मतही थोडं बदलतो. टेबलाचा नाद सोडून काउंटरवर बसायला लागल्यापासून गोंगाट मला खुपेनासा झालाय, कारण तिथे बोलायचंच नसतं, बघायचं असतं. वाफेवर तापणारी छोटी धातूची भांडी ओळीने बसवलेली आहेत, प्रत्येकाला कलती करायची सोय. पॅन रोस्ट मागवा. स्वयंपाकी भांड्यात लोणी टाकतो, कालवं त्यांच्या पाण्यासकट, चिली सॉस, वुस्टरशर, सेलरी मीठ, मग क्रीम. नावात रोस्ट असलं तरी भाजणं-बिजणं काही नाही. कालवांच्या कडा चुरडल्या की भांडं सरळ कलतं करून सगळं खोलगट ताटलीतल्या टोस्टवर ओततो, वर चिमूटभर पाप्रिका. मोजून काही मिनिटांचं काम, पण हात एकदाही अडखळत नाही. चिली सॉस गोडसर असतो, तिखटाची अपेक्षा ठेवू नका.

कच्ची कालवं नगावर मिळतात आणि नगाचा भाव तीन-चार डॉलरच्या पुढेच. ब्लूपॉइंट, वेलफ्लीट, मालपेक अशी गावांची नावं. बाबांनी भाव ऐकून यंत्र परत कानात घातलं. "एकाचे?" आमच्याकडे ओहोटीला बायका खडकावर बसून कोयत्याने फोडतात आणि बाजारात वाट्यावर विकतात, खोबरं आणि आमसूल घालून सुकं करायचं. कच्चं कोणी खात नाही. बाबांनीही खाल्लं नाही, पण पॅन रोस्ट चाटूनपुसून संपवला आणि "आमसूल हवं होतं" असा शेरा दिला. मला विचाराल तर बरोबर होता. लिंबू मागून घ्या, काम भागतं.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. न्यूयॉर्कच्या खाडीत एकेकाळी कालवांचा सुकाळ होता, रस्त्यावर गाड्यांवर विकली जायची. सांडपाण्याने वाट लावली आणि 1927 मध्ये शहरातली शेवटची कालवांची जागाही बंद झाली. म्हणून ताटात येतं ते सगळं बाहेरचं. आता बिलियन ऑयस्टर प्रोजेक्टवाले रेस्टॉरंटांतले रिकामे शिंपले गोळा करून खाडीत पुन्हा कालवं रुजवताहेत, पण ती खायची नाहीत, पाणी साफ करायला आहेत.

बिलाचा हिशोब सोपा ठेवा: इथला विक्रीकर 8.875 टक्के, त्याची दुप्पट केली की टिप झाली.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर दुपारी तीननंतर जा, जेवणाची गर्दी ओसरलेली असते. काउंटरवर भांड्यांसमोरच्या खुर्च्या मागा. चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं सूप, दोन प्रकारचं: न्यू इंग्लंडचं पांढरं आणि मॅनहॅटनचं टोमॅटोवालं लाल. लाल घ्या. पांढरं आणि पॅन रोस्ट एकत्र मागवलंत तर क्रीमवर क्रीम होतं आणि गाडीत झोप लागून स्टेशन चुकतं. दोघांत एक पॅन रोस्ट आणि एक चाउडर भरपूर होतं.