वावरातून अक्षांश: डेव्हिस मार्क १५ सेक्स्टंट आणि तेलाची परात

शिडाच्या छोट्या होडीतून एकट्याने महासागर पार करायचा, तर शीड कमी-जास्त करणं, उसळत्या लाटेत होडी सांभाळणं, तुकड्या-तुकड्यांनी झोप काढणं हे सगळं खाऱ्या पाण्यावरच शिकावं लागतं. सूर्यावरून आपली जागा काढणं मात्र विदर्भातल्या कुठल्याही वावरात शिकता येतं, आणि नीट शिकता येतं. त्यासाठी डेव्हिस कंपनीचा मार्क १५ हा प्लास्टिकचा सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायचं आरशांचं यंत्र) आणि त्याच कंपनीचं कृत्रिम क्षितिज (खरं क्षितिज दिसत नसेल तिथे वापरायचा द्रवाचा डबा) घ्यावं का, याचं हे परीक्षण. मत आधीच सांगतो: सेक्स्टंट जरूर घ्या, क्षितिजाचा डबा नाही घेतला तरी अडत नाही.

जीपीएस असताना हे कशाला, असं कुणीही विचारेल. एकट्याच्या होडीत बॅटरी बसते, खारं पाणी तारांत शिरतं, आणि वीज पडली तर सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं एकदमच जातात. एकट्याने पृथ्वीला वळसा घालायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर उपग्रहावरून जागा काढायला बंदीच आहे. २०२२ च्या शर्यतीत दुसरे आलेले भारताचे अभिलाष टॉमी याच नियमाने पृथ्वीला वळसा घालून आले.

डेव्हिसचे तीन नमुने मिळतात. मार्क ३ ला दुर्बीण नाही आणि वाचन दोन कलांपर्यंतच (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). शाळेत दाखवायला तो ठीक, सरावाला अपुरा. मार्क २५ मध्ये पूर्ण दृश्य दाखवणारा आरसा आणि वाचनासाठी दिवा आहे. नवख्याला सूर्य पकडायला तो सोपा जातो, पण त्या आरशात प्रकाश कमी होतो आणि संध्याकाळी तारे घेताना ते जाणवतं. मार्क १५ मध्ये अर्धा चांदी लावलेला नेहमीचा आरसा, ३×२७ ची दुर्बीण, सात रंगीत काचा आणि ०.२ कलेपर्यंत खुणा असलेला ड्रम (बारीक वाचनाचं फिरतं चाक) आहे. खुणा ०.२ कलेच्या आहेत म्हणून अचूकताही तेवढीच, असं मात्र समजू नका. प्लास्टिकच्या सेक्स्टंटकडून एक-दोन कलांची अपेक्षा ठेवावी. एक कला चुकली की अक्षांशात एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर चूक.

खरी अडचण उन्हाची. प्लास्टिक तापलं की फुगतं, आरशांचा कोन किंचित हलतो आणि सूचक दोष (शून्य यायला हवं तिथे यंत्र जो आकडा दाखवतं तो) बदलतो. कूलरच्या खोलीतून काढून थेट उन्हात नेलेल्या सेक्स्टंटचा दोष अर्ध्या तासात काही कलांनी सरकू शकतो. धातूच्या सेक्स्टंटमध्ये हे फारसं होत नाही, पण त्याची किंमत कितीतरी पट. उपाय साधा आहे. वाचनाच्या अर्धा-पाऊण तास आधी यंत्र बाहेर झाडाच्या सावलीत, पेटी उघडी करून ठेवायचं. सूचक दोष वाचनांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजायचा आणि सरासरी घ्यायची. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा टिनाच्या खोलीत पेटी ठेवू नका. तिथे सांगाडाच वाकू शकतो, आणि तो कुठल्याही स्क्रूने सरळ होत नाही.

दोष मोजायची सगळ्यात भरवशाची पद्धत सूर्याचीच. दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावून सूर्याच्या दोन प्रतिमा आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने कडेला कड टेकवायच्या. एक वाचन शून्याच्या पुढे येतं, दुसरं मागे. दोन्हींच्या फरकाचा निम्मा म्हणजे दोष. बेरजेला चारने भागलं की सूर्याची त्रिज्या यायला हवी: जानेवारीत १६.३ कला, जुलैत सुमारे १५.८. ती आली नाही तर प्रतिमा नीट टेकल्या नव्हत्या, पुन्हा घ्या. ड्रम नेहमी वाढत्या आकड्याकडे फिरवून थांबायचं. उलट फिरवून थांबलात तर दात्यांमधली ढिलाई वाचनात शिरते. सेक्स्टंटचा हात (अंशांच्या खुणांवर सरकणारी दांडी) मोठ्या अंतराने सरकवताना पकड पूर्ण दाबा, नाहीतर प्लास्टिकचे दाते खरवडले जातात.

आता क्षितिज. गावात ते झाडांनी, घरांनी झाकलेलं असतं, म्हणून द्रवाच्या स्थिर पृष्ठभागात दिसणारा सूर्य आणि आकाशातला सूर्य यांच्यातला कोन मोजायचा. हा कोन उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासून सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या, दुप्पट येतो. कंपनीचा डबा म्हणजे द्रव भरायचं भांडं आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून काचा. पाणी भरलं की उन्हात काचेला आतून वाफ धरते. शिवाय काचेच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर तीही चूक कोनात मिसळते, म्हणून निम्मी वाचनं झाली की झाकण फिरवून बसवावं लागतं.

त्यापेक्षा परात आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. एक बोटभर थर पुरतो. ऑइल काळं असल्याने तळाची चमक वर येत नाही आणि एकच स्वच्छ सूर्य दिसतो. ते घट्ट असल्याने झुळकीने लवकर हलत नाही. काकवीही चालते, पण मुंग्या आणि माश्या टिकू देत नाहीत. परात धुऱ्याच्या आडोशाला, कडक जमिनीवर ठेवा, आणि जवळून बैल किंवा माणूस जात असेल तर थांबा, कारण पावलांचा हादरा तेलात लगेच दिसतो. आपण सूर्याकडे तोंड करून बसायचं, परात पुढे. उन्नतांश ४५ अंशांच्या आसपास असेल तर डोळा जमिनीपासून जितका उंच, तितकीच परात दूर. दुर्बिणीतून तेलातला सूर्य धरायचा आणि हात पुढे सरकवत आकाशातला सूर्य खाली त्याच्याजवळ आणायचा. काचा आधी लावा, डोळा नंतर. तडा गेलेली काच वापरू नका, डोळा परत मिळत नाही.

खालची कड घ्यायची तर खाली आणलेल्या सूर्याचा तळ तेलातल्या सूर्याच्या माथ्याला टेकवायचा, कारण तेलात प्रतिमा उलटी असते. टेकवून हात थांबवला की मध्यान्हाआधी दोन्ही सूर्य हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. सुटणं मंदावतं, थांबतं, आणि मग ते एकमेकांवर चढू लागतात. ती थांबलेली वेळ म्हणजे मध्यान्ह. घड्याळातले बारा तिथे कामाचे नाहीत: नागपूरच्या रेखांशावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह ११:५७ ला होतं, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:२८ ला.

एक हिशेब वर्ध्याच्या आसपासचा, २१ डिसेंबरच्या मध्यान्हीचा. वाचन ९१°१०′, सूचक दोष ३′ शून्याच्या पुढे, तो वजा केला: ९१°०७′. निम्मं केलं: ४५°३३.५′. त्यात सूर्याची त्रिज्या १६.३′ मिळवली, वातावरणाच्या वक्रीभवनाचे ०.९′ वजा केले, लंबनाची (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने पडणाऱ्या फरकाची) ०.१′ मिळवली: ४५°४९′. ९० मधून वजा केल्यावर ४४°११′. सूर्याची दक्षिण क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश दक्षिणेला आहे तो आकडा) २३°२६′ वजा केली की अक्षांश २०°४५′ उत्तर. दोष आधी वजा, निम्मं नंतर. हा क्रम उलटला की उत्तर चुकतं. निम्मं करण्याचा एक फायदाही आहे: वाचनातली चूकसुद्धा निम्मी होते. म्हणूनच वावरातली उत्तरं समुद्रावरच्यापेक्षा चांगली येतात, आणि तेवढ्यावर फुशारून जाऊ नये.

सेक्स्टंटचा कोन १२० अंशांपर्यंतच मोजता येतो, म्हणजे परातीत ६० अंशांच्या वरचा सूर्य सापडत नाही. विदर्भात याचा अर्थ असा की मध्यान्हीचा अक्षांश साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतच घेता येतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी अडीचनंतरच वाचन शक्य, आणि त्याला पूर्ण गणित लागतं. सुरुवात पऱ्हाटी वेचणीच्या हंगामात, खरं तर डिसेंबरच्या उत्तरार्धातच करावी. तेव्हा सूर्याची क्रांती दिवसभरात जेमतेम हलते, म्हणून घड्याळ थोडं चुकलं तरी अक्षांश बिघडत नाही. रेखांशाला ही सवलत नाही. चार सेकंद चुकले की एक कला गेली, म्हणून घड्याळ रोज किती पुढे-मागे जातं याची वही ठेवा. यंत्रासोबत पंचांग (सूर्य-ताऱ्यांच्या रोजच्या स्थानांचं पुस्तक) येत नाही. मध्यान्हीच्या क्रांतीपुरतं कोलकात्याच्या पोझिशनल अॅस्ट्रॉनॉमी सेंटरचं वार्षिक एफिमेरिस पुरतं, पुढच्या गणिताला नाविक पंचांग हवं.

परात एक गोष्ट शिकवत नाही: खरं क्षितिज. होडीत डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच असेल तर क्षितिज २.५ कला खाली दिसतं, आणि ती सुधारणा परातीत लागतच नाही. त्यासाठी अप्पर वर्धा किंवा गोसेखुर्दसारखा मोठा जलाशय भरलेला असताना त्याच्या उत्तर काठावर जा, म्हणजे दक्षिणेला पाणी येईल. डोळा पाण्यापासून ६० सेंटिमीटरवर येईल इतकं खाली बसलात तर क्षितिज तीन किलोमीटरच्या आत येतं. पलीकडची झाडं आणि टेकड्या त्याच्या वर दिसतात, पण सूर्य टेकवायचा पाण्याच्या रेघेलाच. या उंचीला सुधारणा १.४ कला. सेक्स्टंट मनगटातून डावी-उजवीकडे झुलवा. सूर्य कमानीत फिरतो, कमानीचा सगळ्यात खालचा बिंदू रेघेला टेकला की वाचन घ्या.

जुना घेत असाल तर तीन गोष्टी पाहा: दात्यांची झीज, आरशाच्या कडांची उडालेली चांदी, आणि काचांवरचे ओरखडे. आरसे सुटे मिळतात, झिजलेल्या दात्यांना इलाज नाही. काळ्या मातीची धूळ पुसू नका, आधी फुंकून उडवा आणि मग धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिपा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी त्या वाळवा.