सीटखालचा अँप : चौदा महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी जुन्या हॅचबॅकमध्ये चार चॅनलचा अँप, म्हणजे गाण्याचा सिग्नल मोठा करून स्पीकरना देणारा अँप्लिफायर, बसवून घेतला. पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, दहा इंची सबवूफरला (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिची चूक किती आणि बसवणाऱ्याची किती, हे मला अजून नीट वाटून देता आलेलं नाही.

आधी खोक्यावरच्या '१८०० वॅट'चा निकाल लावू. अँपच्या पाठीला फ्यूज ३० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं तर आत जाणारी वीजच जेमतेम ४१४ वॅट. हा क्लास एबी प्रकारचा अँप त्यातली बरीचशी उष्णता करून टाकतो, म्हणजे स्पीकरपर्यंत २५० वॅट पोचले तरी खूप झालं. आतल्या कागदावर बारीक अक्षरात प्रत्येक चॅनलला ६० वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारे वॅट) लिहिलंय, ते खरं आहे. आणि ते पुरतात. अभिषेकीबुवांची नाट्यगीतं लावली की तबल्याचा डग्गा पोटात जाणवतो, याहून जास्त मला नको होतं.

पहिले काही महिने तक्रार एकच. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, वेगाबरोबर चढत जाणारी. बसवणाऱ्याने आरसीए वायर (स्टिरिओकडून अँपकडे गाण्याचा सिग्नल नेणारी) आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने, एकमेकींना चिकटवून नेली होती. आरसीए दुसऱ्या बाजूच्या पट्टीखालून ओढली आणि शिट्टी जवळपास गेली.

खरं नाटक पावसात सुरू झालं. जुलैत गोव्यातच म्हापशाहून डिचोलीला येताना आवाज थोडा वाढवला की अँप दोन सेकंद बंद, परत चालू. दुकानदार फोनवर म्हणाला, "अँप गरम होतोय." हात लावला तर थंडगार. मग मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.६, अँपच्या टर्मिनलवर मोठ्या आवाजात १०.९. एवढ्या कमी व्होल्टेजवर अँप बंद पडणारच. मधले दीड-पावणेदोन व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी अँपच्या अर्थवर (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह टोकावर) ठेवून गाणं लावलं, तर काटा १.३ वर. म्हणजे चोर अर्थिंगमध्येच. कार्पेट उचललं तर खाली ओल, आणि अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली रंगावरच आवळलेली. रिंगखाली तांबूस भुगा. आमच्याकडच्या दमट हवेत हे व्हायचंच होतं. वीतभर अंतरावर पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवी रिंग क्रिंप करून घट्ट बसवली, वरून व्हॅसलीन चोपडलं. १.३ चं ०.१ झालं. खर्च चाळीस रुपये.

गणेश चवथीच्या दुसऱ्या दिवशी मात्र अँप गेलाच. लाल दिवासुद्धा नाही, सरळ फ्यूज उडाला. स्पीकर काढले, आरसीए काढल्या, नवा फ्यूज घातला. रिमोटची निळी वायर (अँपला चालू व्हायचा इशारा देणारी) जोडायच्या आधीच तोही गेला. इथे एक फरक सांगतो, मला तो उशिरा कळला. प्रोटेक्टचा लाल दिवा (बिघाड दिसल्यावर अँप स्वतःला बंद करून लावतो तो) लागला तर संशय बहुतेक आउटपुटच्या बाजूवर किंवा स्पीकरच्या वायरीवर. काही न जोडता फ्यूज उडत असेल तर वीजपुरवठ्याचे मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर). बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून देण्याचं काम तेच करतात.

एका दुकानात "बोर्ड गेला, नवा घ्या" असं खोलून न बघताच सांगितलं. नवा साडेसात हजारांचा. मग डिचोलीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांनी खालचा पत्रा काढला आणि आधी नाकच जवळ नेलं. जळका वास. काळ्या मॉसफेटच्या ओळीत एकाच्या पोटाला केसाएवढी भेग होती, आणि त्यांना हीटसिंकवर दाबून धरणाऱ्या पट्टीचा स्क्रू बोटाने फिरत होता. थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. त्या मॉसफेटला थंड व्हायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, तेवढा एक बदला. काका म्हणाले, "एकूच बदलूं नाका." एक शॉर्ट झाला की जोडीच्या बाकीच्यांना धक्का बसलेला असतो, आणि जुन्या-नव्यांचा भार सारखा वाटला जात नाही. सगळे काढले, गेटचे (मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या पायाचे) रेझिस्टर एकेक करून मोजले, त्यातले दोन उघडे, म्हणजे आतून तुटलेले, निघाले. मॉसफेटना चालू-बंदचा इशारा देणारी टीएल४९४ची चिप शाबूत होती. पेस्ट नवी, खालचे अभ्रकाचे तुकडे नवे.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. फ्यूजवर भरवसा न ठेवता त्यांनी पॉझिटिव्ह वायरमध्ये हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब ढणढणीत पेटतो आणि मॉसफेट वाचतात. बल्ब क्षणभर उजळला, मग तार नुसती लालसर. हिरवा दिवा लागला. एकूण ९०० रुपये घेतले, वर चहा पाजला.

त्याला आता तीन महिने झाले. सीटखाली अँप लाकडी ठोकळ्यांवर दोन बोटं उचललाय, म्हणजे खालून हवा फिरते आणि कार्पेटची ओल लागत नाही. दर महिन्याला टर्मिनलचे स्क्रू आवळतो. ते हलक्या धातूचे आहेत, सैल होतात, ही तक्रार मात्र कंपनीकडेच. गेनचं (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) बटण फिरवताना खरखरतं. मागच्या डाव्या आरसीएचं तोंड हललं की तो चॅनल जातो, बहुतेक आतला सोल्डर सुटलाय. काकांनी रविवारी घेऊन ये म्हणून सांगितलंय.