जांभळं, पिवळं की कावेरी? पॅशन फ्रूट घेताना आणि लावताना

कूर्ग, वायनाड किंवा मुन्नार करून आलेला माणूस पॅशन फ्रूटचं कौतुक करायला लागला, की त्याने खाल्लंय ते जांभळं असं खुशाल समजावं. कोकणात किंवा गोव्यात कुणाच्या परसातल्या मांडवावरचं काढून खाल्लेला माणूस तोंड वाकडं करतो, त्याच्या वाट्याला बहुतेक पिवळं आलेलं असतं. एक म्हणतो काय वास आहे, दुसरा म्हणतो दात आंबले. दोघांचंही खरं असतं. रोपवाटिकेत मात्र दोन्ही रोपं शेजारी शेजारी असतात, त्यांच्या बाजूला ‘कावेरी’ नावाचं तिसरं असतं, आणि विकणारा तिन्ही गोडच सांगतो. निवड करायची वेळ येते ती तिथे.

पॅशन फ्रूट ही कृष्णकमळाच्या कुळातली वेल. फूल कसं दिसतं, पौराणिक अर्थ काय, त्यात शिरत नाही. एवढंच सांगून ठेवतो, की फाटकावर शोभेसाठी चढवलेल्या कृष्णकमळाला फळांची आशा धरू नये. ती जात वेगळी.

चव घेऊन ठरवायचं असेल तर तिन्ही फळं सारखी पिकलेली हवीत. इथेच बहुतेक तुलना फसतात. बाजारात येणारं फळ रंग चढला की तोडलेलं असतं. साल गुळगुळीत, तकतकीत, दिसायला छान, आणि आतून आंबटढाण. वेलीवरून आपोआप गळलेलं फळ घ्यावं, ते न धुता टोपलीत उघड्यावर ठेवावं. साधारण पाच ते सात दिवसांत सालीवर सुरकुत्या पडतात. सुरकुती म्हणजे सालीतलं पाणी उडालं, आतला गर शाबूत असतो आणि आंबटपणा थोडा उतरलेला असतो. देठाशी बुरशी दिसली किंवा फळ हाताला कागदासारखं हलकं लागलं तरच टाकावं. फ्रिजमधलं फळ तासभर तरी बाहेर ठेवून मग कापा, कारण थंड गराला वासच येत नाही आणि या फळात निम्मी चव वासाची आहे. साखर, मीठ काही नको. आधी जांभळं, मग कावेरी, शेवटी पिवळं. उलट क्रमाने खाल्लंत तर पिवळ्यानंतर जांभळं पाणचट लागेल आणि त्याच्यावर अन्याय होईल.

जांभळं फळ छोटं, चार-पाच सेंटिमीटरचं, वजन ३५ ते ४५ ग्रॅम. कापल्यावर दिसतो तो दाट केशरी गर आणि काळ्या बिया. पहिला चमचा आंबटगोड लागतो, पण खरी गंमत गिळल्यानंतर आहे. नाकात मागून एक दरवळ येतो आणि बराच वेळ राहतो. त्यात फुलाचा गोडसर वास असतो आणि किंचित उग्र, गंधकाकडे झुकणारी एक छटा असते. ही छटा काहींना नकोशी वाटते. माझ्या मते तिच्यामुळेच हे फळ इतर आंबटगोड फळांपेक्षा वेगळं ठरतं. एका फळात जेमतेम दोन-तीन चमचे गर मिळतो, ही त्याची उणी बाजू.

पिवळं दीडपट तरी मोठं, बिया तपकिरी, गर जास्त पातळ आणि रंगाने उजळ. लोकांना वाटतं यात साखर कमी. तसं नाही, गोडीचा आकडा दोन्हीत जवळपास सारखाच असतो. फरक आम्लाचा. जांभळ्यात ते साधारण ३ टक्के, पिवळ्यात ४ किंवा त्याच्याही पुढे, आणि एवढ्या फरकाने जीभ गोडी ओळखायचीच बंद होते. नुसतं चमच्याने पिवळं खाणारे आहेत, पण थोडे. वास जोरकस असतो, अगदी खोलीभर पसरणारा, मात्र जांभळ्यासारखा रेंगाळत नाही. पेला भरून सरबत करायचं असेल तर हाच गुण उपयोगी पडतो. पाणी आणि साखर घातल्यावरही वास टिकून राहतो, जांभळ्याचा तिथे दबतो.

कावेरी हा या दोघांचा संकर, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कूर्गमधल्या चेट्टळ्ळी केंद्राने काढलेला. साल जांभळी, आकार पिवळ्यापेक्षाही मोठा, चांगलं पोसलेलं फळ ८५ ते ११० ग्रॅम भरतं. चवीला मधलं म्हणतात. मला ते पिवळ्याकडे झुकलेलं वाटतं, रंग बघून जांभळ्याची अपेक्षा ठेवली तर हिरमोड होतो. पण वेल दणकट, वेल वाळवणारा मर रोग आणि मुळांना लागणारे सूक्ष्म किडे म्हणजे सूत्रकृमी यांना बऱ्यापैकी दाद न देणारी, आणि भरपूर फळणारी. व्यापारी लागवडीत तिचं एवढं नाव का आहे ते कळतं.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो: पोकळ फळ.

पिवळं फळ हातात घेतलंत, मोठं आहे, रंग पूर्ण आलाय, कापलंत, आणि आत पांढऱ्या अस्तराला चिकटलेल्या दहा-बारा बिया आणि बाकी हवा. साल तर आधीच फळाच्या वजनाच्या निम्मी. म्हणजे किलोने घेतलेल्या फळातून हाती काय लागलं याचा हिशोब न केलेलाच बरा. हा रोग नाही आणि खताची कमतरताही नाही. या फळात रसाची प्रत्येक पिशवी एकेका बीभोवती तयार होते. फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग घेणाऱ्या मादी टोकावर, पराग कमी पडले की बिया कमी धरतात, आणि जितक्या बिया तितकाच रस. साल मात्र आपल्या मापाने वाढत राहते, त्यामुळे बाहेरून काही समजत नाही.

पिवळ्याच्या बाबतीत हे वारंवार होतं, कारण त्याच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या, वेगळ्या वेलीचाच लागतो. एकटी वेल लावली तर मांडवभर फुलं येतात आणि सगळी गळून जातात. मग लोक त्याच वेलीची छाट कलमं करून आणखी चार वेली लावतात. त्याने काही होत नाही, एका वेलीच्या दहा फांद्या रुजवल्या तरी परागाच्या दृष्टीने ती एकच वेल. एकाच फळातल्या बियांची रोपंही भावंडं असतात आणि पुष्कळदा एकमेकांना चालत नाहीत. रोपं दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणावीत हे उत्तम.

दोन वेली झाल्या तरी पराग नेणारा हवा. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. हे काम काळ्या मोठ्या भुंग्याचं. मध खाताना त्याची पाठ पुंकेसर आणि कुक्षी दोघांनाही घासते. मधमाशी आकाराने लहान पडते. ती पराग गोळा करून घेऊन जाते, कुक्षीला शिवतही नाही. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो, म्हणून बागेतला जुना वासा किंवा वाळके बांबू साफसफाईच्या नावाखाली जाळू नयेत. शहरात, वरच्या मजल्यावरच्या गच्चीवर भुंगा येईलच याची खात्री नाही.

मग उरतं हाताने परागीभवन. पिवळ्याचं फूल दुपारी बाराच्या सुमाराला उघडतं आणि रात्री मिटतं. उघडल्यावर त्याच्या तीन कुक्षी वर ताठ असतात, तासाभरात त्या खाली वाकून पुंकेसरांच्या पातळीला येतात. वाकल्यानंतरच दुसऱ्या वेलीच्या फुलाचा पराग बोटाने तिन्ही कुक्षींवर टेकवायचा. एकाच कुक्षीवर लावून थांबलात तर फळ धरेल, पण अर्धवट भरेल. काही फुलांच्या कुक्षी वाकतच नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नये. आणि दीड-दोन तासांच्या आत सर आली तर मेहनत वाया, कारण भिजलेला पराग फुटतो. कोकणात जून ते सप्टेंबर दुपारी दोन तास कोरडे मिळणं म्हणजे नशीब. नोकरी करणाऱ्याला रोज दुपारी बारानंतर फुलांमागे उभं राहणं जमणार कसं?

जांभळ्याचं फूल पहाटे उघडतं, दुपारपर्यंत मिटतं आणि स्वतःच्या परागावर फळ धरतं. एक वेल पुरते. भुंगा आला तर फळं आणखी भरतात, नाही आला तरी पोकळ फळ क्वचित. माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही, पण तो केवळ चवीवर ठरलेला नाही एवढं लक्षात घ्या. कापलेलं प्रत्येक फळ भरलेलं निघणं यातही सुख असतं.

जांभळ्याची बाजू पडती आहे ती हवामानात. त्याला उंची आणि गारवा लागतो, आठशे मीटरच्या वर ते खुलतं. उष्ण, दमट सखल भागात वेल माजते, फुलं कमी लागतात, आणि मुळांवर मर रोग नि सूत्रकृमींचा घाला पडतो. काल टवटवीत असलेली वेल आठवड्यात वाळते. यावर तोडगा आहे: पिवळ्याच्या बियांपासून केलेल्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर, जांभळ्याची फांदी पाचरीसारखी बसवून केलेलं पाचर कलम. मूळ पिवळ्याचं चिवट, वरचं फळ जांभळ्याचं. पुणे, नाशिक, साताऱ्याच्या बाजूला मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कलमाचा जोड मातीच्या वर चांगला वीतभर ठेवा आणि खुंटाला फुटलेले धुमारे दिसताच खुडा, नाहीतर वर्षभराने मांडवावर पिवळी फळं लोंबतील. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात कलम केलेलं जांभळंही फळांच्या बाबतीत हात आखडता घेऊ शकतं. तिथे कावेरी लावावी, आणि जवळपास पिवळ्याची एखादी वेल असू द्यावी, फळं जास्त भरतात.

रोपवाटिकेत फसू नये म्हणून दोन खुणा. कोवळा शेंडा आणि ताणे तांबूस-जांभळट असतील तर ते बहुधा पिवळ्याचं रोप, हिरवेगार असतील तर जांभळ्याचं. हे उलटं वाटतं, पण असंच आहे. दुसरी खूण कावेरीसाठी. हा संकर असल्यामुळे त्याच्या बियांची रोपं आईसारखी निघत नाहीत, ते छाट कलमाचंच हवं. बुंध्याशी तीन-चार पेरांचा जाड, जून तुकडा आणि बाजूने फुटलेला कोंब दिसला पाहिजे. मातीतून सरळ वर आलेलं सडपातळ खोड म्हणजे बियांचं रोप, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

स्वयंपाकघरात तिघांचे रस्ते वेगळे होतात. सरबताला पिवळं, यात दुमत नसावं. गर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फक्त फिरवा, म्हणजे पिशव्या फुटतात आणि बिया अख्ख्या राहतात. जास्त फिरवलं की बियांचा चुरा रसात उतरतो आणि कडवट लागतो. गाळलेल्या एक वाटी रसाला दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी. साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण गार करायचा आणि मगच रस मिसळायचा. रस उकळला तर वास गेला. चिमूटभर साधं मीठ चालेल. काळं मीठ नको, त्याचा वास या फळाच्या वासावर बसतो आणि शेवटी नुसती जलजिऱ्याची आठवण येते. दुधात कुठलंच घालू नका, फाटतं. श्रीखंडाला मात्र जांभळं. अर्धा किलो चक्क्यात साखर नेहमीप्रमाणे फेटून झाली की पाच-सहा फळांचा गर बियांसकट शेवटी हलक्या हाताने मिसळायचा. पिवळ्याच्या पातळ रसाने श्रीखंड सैल पडतं. जांभळ्याचा जॅम करताना सावध असावं, त्याच्या रसात पिष्ट (स्टार्च) जास्त असतं. तापला की तो घट्ट होऊन तळाला धरतो, तेव्हा जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि सतत हलवणं. कावेरी दोन्हीकडे भागवून नेते, कुठेच पहिला नंबर नाही.

कोडाईकनाल, उटीकडे नारिंगी, अंड्यासारख्या टणक सालीचं आणखी एक फळ मिळतं. आत करडा, जेलीसारखा, जवळजवळ आम्लच नसलेला गर. लहान मुलांना ते आवडतं. मला त्यात गोडीपलीकडे फारसं काही सापडत नाही. केरळात दुधीएवढं होणारं मोठं पॅशन फ्रूटही लावतात, कच्चं असताना त्याच्या जाड सालीची भाजी करतात. त्याला या तुलनेत ओढण्यात अर्थ नाही.

लावायला जागा नसेल आणि नुसती चव बघायची असेल, तर दक्षिणेतला मुख्य हंगाम मे-जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. कूर्ग किंवा वायनाडकडून कुणी येणार असेल तर त्याला गळलेली जांभळी आणायला सांगा, सुरकुतलेली बघून त्याने ती नाकारू नयेत हेही सांगा. फळ निवडताना आकार बघू नका, दोन्ही हातांत एकेक धरून जे जड लागेल ते घ्या. एकदम पिकली तर गर काढून बर्फाच्या ट्रेमध्ये साखर न घालता गोठवा, आणि घट्ट झाले की ते तुकडे पिशवीत भरून ठेवा.